बाद तिकिटांचं फोल्डर

मंगळवारी सकाळी माझे पती वारले.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात त्यांची सगळी नोकरी झाली. मी नाशिक रोडला एका कॉलेजात ग्रंथपाल होते. तेराव्यानंतर पुण्याला परत निघताना मुलगी म्हणाली, "आई, मी हॉस्टेलला असताना बाबांनी लिहिलेले मेल मला हवेत. माझं तेव्हाचं खातं बंद झालं. आता असतील तर त्यांच्याकडेच."

त्यांच्या संगणकावर सगळ्या वर्षांचे मेल एकाच ढिगात पडले होते. संगणकाकडून आपोआप काम करून घेणारी स्क्रिप्ट लिहायला मी नोकरीतच शिकले होते, ग्रंथालयाची यादी संगणकावर नेताना. रोज दुपारी बसून नियम लिहिले. आधी विषयाच्या ओळीवरून फोल्डर ठरवायचं. त्यावरून कळलं नाही, तरच माणसावरून. पुस्तकं मी आयुष्यभर विषयानेच लावली.

स्क्रिप्ट नीट चालली. घर, दवाखाना, सोसायटी अशी फोल्डरं भरली, त्यांच्या पोटात वर्षांची लहान फोल्डरं. मुलीच्या फोल्डरात मात्र दोनच मेल. मी तिला फोन केला.

"दोन? अगं, दर आठवड्याला यायचा!" ती हसायला लागली. "आई, बाबांनी नवीन मेल कधी लिहिलाय का? सुट्टीला यायचं तिकीट मी पाठवलं होतं ना, त्याच मेलला उत्तर देत राहिले."

"म्हणजे वर विषय तिकीटच?"

"चारही वर्षं. बायको ग्रंथपाल, आणि माणूस असा!"

मला हसू आलं नाही. जुनी तिकिटं कशाला हवीत, म्हणून विषयात 'तिकीट' दिसलं की मेल बाद, असा नियम मीच केला होता. पण ग्रंथालयात बाद पुस्तक लगेच रद्दीत जात नाही. काही दिवस वेगळ्या कपाटात राहतं, न जाणो कुणी मागितलं तर. स्क्रिप्टलाही मी पुसायला सांगितलं नव्हतं, 'बाद' नावाच्या फोल्डरात ठेवायला सांगितलं होतं. ते उघडलं. रेल्वेच्या आरक्षणांमध्ये त्यांचे मेल होते. 'आज आईने भाकरी करपवली, मी काही बोललो नाही, तूही बोलू नकोस,' असं एकात होतं.

मग मी नियमांचा क्रम बदलला. आधी माणूस, मग वर्ष, विषय सगळ्यात शेवटी. स्क्रिप्ट पुन्हा चालवली.

आता मुलीच्या फोल्डरात चार वर्षांची चार फोल्डरं आहेत आणि त्यांत त्यांचे मेल तारखेने लावलेले आहेत. एक प्रत तिच्याकडे आहे, एक माझ्याकडे.