शंभर टक्के गोळ्यांचा पेशंट

महादेवचा व्हायरल लोडचा रिपोर्ट मी दोनदा वाचला आणि लॅबला फोन लावला. "दुसऱ्या कुणाचा आलाय का बघा जरा." पलीकडच्या माणसानं नंबर पडताळला. रिपोर्ट महादेवचाच होता.

धाराशिवमधल्या एका एआरटी सेंटरवर मी काउन्सेलर आहे. एआरटी म्हणजे एचआयव्हीवरचा उपचार. रोज एक गोळी, ठरलेल्या वेळी, जन्मभर. हा विषाणू रक्तातल्या सीडी-फोर नावाच्या पेशी संपवतो. त्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. गोळी विषाणूला दाबून ठेवते आणि राखणदारांची भरती हळूहळू पुन्हा सुरू होते. प्रतिकारशक्ती वाढवायची पावडर कुठं मिळते, असं मला रोज कुणीतरी विचारतं. मी ही गोळीच दाखवतो. सरकारी बाटलीतली असल्यामुळे तिच्यावर विश्वास बसत नाही.

व्हायरल लोड म्हणजे रक्तात किती विषाणू आहे त्याचा आकडा. सहा महिने गोळी नीट घेतली की तो जवळजवळ दिसेनासा होतो. महादेवचा पन्नास हजारांवर होता.

आणि महादेव माझा सर्वांत चांगला पेशंट होता. भूम तालुक्यातल्या ईटला त्याचं वेल्डिंगचं दुकान. दर महिन्याला पहिल्या एसटीनं निघायचा, गोळ्यांची बाटली आणि जेवणाचा डबा घेऊन यायचा. बाटलीत उरलेल्या गोळ्या मोजून डोस चुकला का, ते आम्ही बघतो. त्याला पिल काउंट म्हणतात. महादेवचा पिल काउंट शंभर टक्के. पुढच्या आठवड्यात वरिष्ठांची आढावा बैठक होती. नाव न घेता मी त्याच्यावर एक स्लाइड केली होती. कोपऱ्यात उगवता सूर्यही टाकला होता.

डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट पाहिला. "गोळ्या बरोबर जातायत?"

"शंभर टक्के, मॅडम."

"मग औषध लागू पडत नसेल. बदलायचा विचार करावा लागेल."

ही साधी गोष्ट नव्हती. आमच्याकडं औषधांचे पर्याय मोजके. एक बाद झालं की आयुष्यभरासाठी एक दार कमी होतं.

"दोन तास थांबता का मॅडम?" दारातून शालनबाई म्हणाल्या. "माणसाच्या गोळ्या एवढ्या तंतोतंत जुळत न्हाईत. माझ्या सुद्धा न्हाय जुळत."

शालनबाई आमच्या केअर कोऑर्डिनेटर. नव्या पेशंटला हाताशी धरणं, गैरहजर राहिलेल्याला फोन करणं हे त्यांचं काम. शिक्षण दहावी. त्या स्वतः हेच औषध घेतात आणि ते पेशंटपासून लपवत नाहीत. मी समाजकार्यातली पदवी घेऊन आलो, फ्लिप चार्ट उलटत तासभर समजावून सांगतो. पेशंट मान डोलावतो, बाहेर जातो आणि शालनबाईंना विचारतो, "अक्का, आता खरं काय ते सांगा." माझ्याकडं पदवी होती, त्यांच्याकडं आजार होता. पेशंटच्या लेखी आजार ही वरची पदवी.

हे मला लागायचं. खोटं कशाला बोलू? शालनबाई दुपारी व्हरांड्यातल्या बाकावर पेशंटच्या शेजारी बसून डबा खायच्या. हे शिस्तीत बसत नाही, असं मी मॅडमना एकदा सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या, "तुम्हालाही बसावंसं वाटतं का?" मी विषय बदलला होता.

त्या दिवशीही त्या महादेवशेजारी बसल्या. माझ्या खोलीची खिडकी व्हरांड्याकडं उघडते. ती बंद करायचं मी विसरलो, असं समजा.

"काय आणलंस रं?"

"भाकर आन् भरली वांगी, अक्का."

"आण हिकडं." त्यांनी चतकोर मोडून घेतली. "लई झ्याक. कुणी केली?"

"आईनं."

"तुझी आई तर दोन वर्सं हातरुणाला खिळलीय म्हनलास."

महादेवनं वांग्याचा घास घेतला. मग म्हणाला, "म्याच थापतो."

"तू? खोटं बोलतोस ते बोलतोस, वर वांगी खातोस! वेल्डिंगवाल्याची भाकर अशी कागदावानी पातळ येती व्हय? काठ बघ, नख लागल्याली जागा न्हाय. ही बाईच्या हातची हाय. वनिता कुठंय तुझी?"

मी त्याची फाइल ओढली. आई पक्षाघातानं अंथरुणावर. पत्नी वनिता माहेरी, तपासणी झालेली नाही. दोन्ही ओळी माझ्याच अक्षरात, एकाखाली एक. तो डबा मी सहा वेळा पाहिला होता.

थोड्या वेळानं शालनबाई आत आल्या. "सर, त्याला तुमच्याशी बोलायचंय. पण रागावू नका."

"मी पेशंटवर कधी रागावतो?"

"रागावत न्हाय. कौतुक करता. त्याचंच त्याला भ्या वाटतंय."

महादेव खुर्चीच्या कडेवर बसला. वनिता कधी माहेरी गेलीच नव्हती. दोघांची तपासणी बार्शीच्या एका खासगी लॅबमध्ये झाली होती आणि दोघंही पॉझिटिव्ह निघाले होते. तिचा मामेभाऊ आमच्याच आवारात नोकरीला. त्यानं पाहिलं तर सगळ्या भावकीत बोभाटा होईल म्हणून ती यायला तयार नव्हती. मग एका बाटलीत दोघं. एक दिवस तो, एक दिवस ती.

"मग तिचं वजन लईच उतरलं, सर. खोकला थांबंना. दोन महिने झालं, सगळ्या गोळ्या तिलाच देतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही दर बारीला म्हनायचा, तुझ्यासारखा पेशंट न्हाय. मंग कसं सांगावं?"

मी फ्लिप चार्टकडं हात नेला. शालनबाई आधीच बोलल्या, "सोयाबीनवर निम्म्या डोसची फवारणी केल्यावर काय व्हतं रं?"

"अळी मरत न्हाय. वर औषधाला सरावती."

"हा किडा बी तसाच हाय."

माझ्या चार्टला या मुद्द्यासाठी अकरा पानं लागतात.

नंतरचं काम मात्र मला येत होतं. नोंदणी याच सेंटरवर करायला हवी असा नियम नाही. मी सोलापूरला फोन केला, कागद तयार केले आणि चौथ्या दिवशी वनिताची तिथं नोंदणी झाली. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. टीबी निघाला. नवऱ्याच्या वाट्याच्या गोळ्या खात ती तशीच घरात राहिली असती, तर त्या खोकल्याचं नाव आम्हाला तिच्या मरणानंतर कळलं असतं. दोन्ही औषधं सुरू झाली.

मॅडमनी महादेवचं औषध बदललं नाही. तीच गोळी, पण रोज आणि त्यालाच. तीन महिन्यांनी पुन्हा व्हायरल लोड केला. आकडा मोजता येईल त्याच्याही खाली गेला होता. पुढच्या तपासणीत सीडी-फोरही चढू लागले होते. वनिताचं वजन वाढलंय, ती घरी पुन्हा भाकरी थापते. ती कधी थांबलीच नव्हती म्हणा.

याच्या कितीतरी आधी, त्या पुढच्याच आठवड्यातल्या आढावा बैठकीत, मी ती स्लाइड काढून टाकली होती. सूर्य दुसऱ्या स्लाइडवर नेला. मॅडमनी ही हकिकत तोंडी सांगितली. वरिष्ठांनी "उत्तम समुपदेशन" म्हणत पुष्पगुच्छ माझ्या हातात दिला. शालनबाई मागच्या रांगेत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, त्याही मनापासून. मला तेच जास्त लागलं. गुच्छ मी त्यांच्या टेबलावर ठेवला, पण सगळे गेल्यावर.

आता मीही डबा घेऊन बाकावर बसतो. पेशंट अजून शालनबाईंच्याच शेजारी बसतात आणि माझ्यासाठी अदबीनं जरा लांब सरकतात. एवढं शिकलो की गोळ्या तंतोतंत जुळल्या तर शाबासकी द्यायची नाही, डब्यात काय आणलंय ते विचारायचं.

या लेखातली सगळी नावं बदललेली आहेत. पेशंटच्या गोपनीयतेसाठी. शालनबाईंनी मात्र त्यांचं खरं नाव छापायला खुशाल परवानगी दिली, म्हणून ते एक तसंच ठेवलंय.