काळे दाणे

तो नवा तपासनीस औरंगाबादेहून शिकून आला आणि पहिल्याच दिवशी माझी जंतू बघायची दुर्बीण पुसायला लागला. माझी! निजामाच्या काळापासून आमच्या दवाखान्यात रक्त, थुंकी, पू तपासणारा मी एकटा. डॉक्टरसाहेबांनी मला कधी खुर्ची दिली नाही, आणि याला म्हणायचे, ‘या, बसा.’ माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्या उन्हाळ्यात येडशीकडचा एक धनगर सुजलेला पाय घेऊन आला. काटा रुतला की त्या वाटेनं हा रोग आत शिरतो, पाय सुजून भोपळा होतो, भोकं पडतात आणि पुवातून बारीक दाणे येतात. दाणे काळे असले तर बुरशी. तिच्यावर तेव्हा आमच्याकडं औषध नव्हतं, पाय कापायचा. पिवळट असले तर जंतू वेगळे, गोळ्या-इंजेक्शनांनी पाय वाचायचा. मी त्याच्या जखमेच्या पट्टीवर काळे दाणे बघितले आणि चिठ्ठी लिहिली, बुरशी. दुर्बिणीखाली धरलेसुद्धा नाहीत. इतक्या वर्षांच्या नजरेला दुर्बीण कशाला हवी?

धनगर म्हणाला, ‘एका पायानं मेंढरामागं कसं फिरू, साहेब?’

हा शहाणा मात्र त्याच्या खाटेशी गेला. ‘मामा, जखमेला काय लावलं होतं?’

‘काय न्हाय. रगत थांबावं म्हणून मिश्री दाबतोय, लई दिवस झालं.’

मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. त्यानं पट्टी पाण्यात खळबळली. काळा भुगा वर तरंगला, तळाशी पिवळट दाणे राहिले. ‘जरा दुर्बिणीतून बघता का?’ म्हणाला. मी बघितलं. बुरशीचे जाड धागे नव्हतेच. मला लगेच कळलं. तरी म्हणालो, ‘तुला काय समजतंय त्यातलं? उद्या पाय कापायचं ठरलंय.’ खरं सांगतो, धनगराचा पाय गेला असता तरी मला चाललं असतं, पण हा खरा ठरायला नको होता.

तो वाद न घालता डॉक्टरांकडं गेला. पाय राहिला.

वर्षभरानं धनगर दोन्ही पायांवर चालत आला आणि थेट माझ्या पाया पडला. ‘तुमी तपासलं म्हणून वाचलो.’ मी याच्याकडं बघितलं. आता बोलणार हा.

‘व्हय मामा,’ तो म्हणाला, ‘साहेबांनीच तपासलं.’

अरे बाबा, खरं बोलायचं होतंस! भांडलो असतो, मोकळा झालो असतो. त्याचा हेवा करायला मला तोंडच राहिलं नाही, आणि तरी अजून करतोच आहे.