निरोप कुणी फोडला

“सभेची खबर अण्णांनीच चौकीत पोचवली.” आमच्या परळच्या चाळीत हे वाक्य इतक्या सराईतपणे उच्चारले जाते, की काल लग्न होऊन आलेल्या सुनेलाही ते पाठ आहे. तो अण्णा मी, आणि ते खोटे आहे.

सभेच्या दिवशी सकाळी मी चौकीत गेलो होतो, हे मी कधी नाकारले नाही. रेशनकार्ड हरवल्याची तक्रार नोंदवायची होती. संध्याकाळी भाडेकरूंची गुप्त सभा दत्तमंदिरामागच्या खोलीत भरली. चाळ पाडून नवी बांधेपर्यंत संक्रमण शिबिरात जायचे नाही, असा ठराव व्हायचा होता. मंडळी पोहोचली तेव्हा साध्या वेशातले दोन पोलीस तिथे आधीच बसले होते. एवढ्यावरून मी खबऱ्या ठरलो. गिरणीच्या संपात दारोदार तोंडी निरोप नेणारा आणि मार खाऊनही एक नाव न सांगणारा मी.

याही वेळी निरोप तोंडीच न्या, असे मी सुचवले होते. भाडेकरू समितीचे चिटणीस हसले होते. सभेच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना जिन्यात गाठले.

“अण्णा, आमचा ग्रुप कुलूपबंद आहे. मेसेज वाचला की पुसला जातो.”

“आणि खिशात झोपलेल्या फोनला जागं कोण करतं?”

“नोटिफिकेशन येतं ना.”

“येतं कुठून? दत्ताच्या गाभाऱ्यातून?”

हे मला माझ्या नातीने समजावले होते. मेसेजला कुलूप असले, तरी तो आल्याची वर्दी बड्या कंपनीच्या यंत्रणेतून फोनवर पोचते. कुणाला, केव्हा, याची नोंद तिथे राहू शकते. काळजी घेतली नसेल, तर मजकूरही. सरकार ती नोंद मागवू शकते.

पोलिसांनी हीच वाट धरली, असे मी शपथेवर सांगणार नाही. चिटणीसांनी मात्र माझ्याविषयी शपथेवर सांगितले, तेही पाणी भरायच्या वेळी, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असे.

तर ऐका. आदल्या रविवारी सहाच्या सभेची जागा ठरली होती व्यायामशाळा. सभेच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ती बदलली, आणि तो निरोप फक्त ग्रुपवर गेला. माझा फोन साधा, बटणांचा. मी त्या ग्रुपवर नाही. पोलीस नव्या जागी अचूक पोचले. मी सहा ते सात व्यायामशाळेच्या पायरीवर एकटा बसून होतो. जागा बदलल्याचे मला कुणी सांगितलेच नव्हते.