जाऊबाईंनी परत केलेलं बळ

"माताजी, पंजा ऊपर उठाइए," डॉक्टर म्हणाले.

मी उचलला. ते पायाकडे बघत राहिले आणि पुन्हा म्हणाले, "उठाइए."

"उठाया तो है," मी म्हटलं.

माझ्या थोरल्या जाऊबाई उशाशी उभ्या होत्या. त्या वाकल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, कुठं उचललायस? तसाच पडलाय."

मी मान वर केली. गुडघ्याला पट्ट्या होत्या, खाली सुजलेली पोटरी आणि टोकाला माझा पंजा, ओल्या फडक्यासारखा लोंबत. मी आतून सगळा जोर लावला होता. बाहेर काहीच झालं नव्हतं. डॉक्टरांनी टाचणी घेतली. तळव्याला टोचलं तेव्हा कळलं. पंजाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या शेजारी टोचलं तेव्हा मी विचारलं, "टोचलं का?"

डॉक्टरांनी सांगितलं की गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला जे बारीक हाड आहे, त्याच्या मानेवरून एक नस वळते. पंजा वर उचलायचं काम तिचं. हाड मोडताना ती चेपली गेली. तुटलेली दिसत नाही, हळूहळू परत येईल. येईलच असं मात्र सांगता येत नाही.

"हाडाला मान असते?" जाऊबाईंनी मला विचारलं. मग हातातला प्रसादाचा पुडा पदराखाली लपवला. कारण जरा आधीच त्या मला प्रसाद देऊन म्हणाल्या होत्या, "तुझाही घोडा वाहून आले बरं का."

हा घोडा काय ते सांगते. आमच्या उज्जैनला वैशाखात पंचक्रोशी असते. पाच दिवस अनवाणी, डोक्यावर शिध्याची पोटली घेऊन गावाभोवतीच्या महादेवांना पायी फेरा घालायचा. निघताना पटनी बाजारात नागचंद्रेश्वराला नारळ वाहून बळ मागायचं. देव घोड्याचं बळ देतो, पण उसनं. फेरा पुरा झाला की मातीचा घोडा वाहून ते परत करायचं. ठेवून घेता येत नाही.

आम्ही दोघी जावा दरवर्षी जात होतो. भक्ती जाऊबाईंची. मला चालायला आवडायचं. वर्षातले तेवढेच दिवस कोणी मला चहा मागत नसे. संध्याकाळी मुक्कामाला गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेच्या बाट्या भाजायच्या, पाय पसरून बसायचं, एकमेकींच्या तळव्यांतले काटे काढायचे. माहेरीसुद्धा मी इतकी मोकळी बसले नाही.

त्या वर्षी पहिल्याच दिवशी मागून एक दूधवाला फटफटीवर आला. बाजूला टांगलेला भरलेला कॅन माझ्या गुडघ्यावर बाहेरून आदळला. मी रस्त्याच्या कडेला पडले. दूधवाला आधी कॅन उचलायला धावला. जाऊबाईंनी त्याला तिथंच अशा शिव्या दिल्या की पुढच्या बायका परत फिरून ऐकायला आल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून मला शहरात आणलं. जाऊबाई बरोबर यायला निघाल्या होत्या. मीच म्हटलं, "तुम्ही जा. एकीचा तरी फेरा पुरा होऊ दे." दवाखान्यात हाडाची एवढी गडबड होती की पंजाकडे कोणी पाहिलं नाही. ऑपरेशन झालं, अमावास्येला फेरा पुरा झाला, आणि जाऊबाई दोन घोडे वाहून आल्या. एक त्यांचा, एक माझा. मला त्रास नको म्हणून.

आता त्यांच्या मनानं घेतलं की माझं बळ माझ्या पायात असताना त्यांनी मला न विचारता परत देऊन टाकलं.

घरी आल्यावर त्या रोज दुपारी खालच्या खोलीतून वर यायच्या आणि टॉवेल पंजाला अडकवून ओढायच्या. नाहीतर टाच वर राहून आखडेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बुटात घालायची एक पट्टी मिळाली होती, ती पंजा धरून ठेवायची. पण बूट घालून घरात कोण फिरतं? चप्पल घातली तर कधी निसटली ते कळायचं नाही. मागून कोणीतरी हाक मारायचं, "भाभी, चप्पल रह गई."

माझे यजमान मिल बंद पडल्यामुळे घरीच असत. ते एकदा म्हणाले, "वहिनी, दुधाच्या कॅननं नस चेपली. घोड्याचा काय संबंध?"

"तुम्ही गप बसा, भाऊजी. तुमची मिल कोणत्या कॅननं बंद पडली ते सांगा आधी."

यजमान पेपर घेऊन गॅलरीत गेले.

मला घरात चालता येत होतं. गुडघा उंच उचलून, पाय टाकत, पाण्यात चालल्यासारखं. सगळे म्हणत, नशीब समज. मला ते पुरेसं नव्हतं. मला पंचक्रोशी हवी होती. दळण टिपताना, भाजी निवडताना मला तो रस्ता दिसायचा, धूळ, बायकांच्या टाचा, पुढे जाऊबाईंची पोटली. अंगठा हलतो का ते मी सारखी बघायची. हिवाळ्यात तो जरासा हलला. मी कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा हलला तेव्हा जाऊबाईंना हाक मारली. त्या बघत बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मी म्हटलं, "रडताय कशाला, अंगठाच आहे."

पुढच्या वैशाखात त्या म्हणाल्या, "मी येणार नाही. कोणत्या तोंडानं बळ मागू? पण तू माग. तुझं तुला मिळू दे." मला मंदिरात नेलं, माझ्या नावानं नारळ वाहिला. स्वतःसाठी काही मागितलं नाही. मी बूट काढला, पट्टी काढली आणि अनवाणी निघाले. जाऊबाई बरोबर चालत होत्या, मला वेशीपर्यंत पोचवायला म्हणून.

वेस आलीच नाही. मागच्या बाईनं हटकलं, "बाई, खून निकल रहा है." पंजा खाली घासत होता. बोटांची वरची कातडी सोलून निघाली होती आणि मला पत्ता नव्हता. जाऊबाईंनी मला एका दुकानाच्या पायरीवर बसवलं, स्वतःच्या पदराची चिंधी काढून बांधली. समोरून बायका पोटल्या घेऊन जात होत्या. ओळखीच्या दोघीतिघी थांबल्या, माझ्या खांद्याला हात लावला, पुढे गेल्या. रांग संपेपर्यंत मी बघत राहिले.

"चल, घोडा वाहून बळ परत देऊ, मग घरी जाऊ," जाऊबाई म्हणाल्या.

"मी देणार नाही."

"असं करू नये ग."

"फेरा झाला नाही, तर परत कशाचं करायचं? राहू दे माझ्याकडे. पाहिजे असेल तर देव मागायला येईल."

जाऊबाई माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "मग मीही तुझ्याशिवाय जाणार नाही." मी पुष्कळ सांगितलं की तुमचे दोन्ही पाय धड आहेत, निदान जाऊन आल्यावर मला सांगा तरी, बाट्या कशा झाल्या, कोण कोण भेटलं. ऐकलं नाही. त्या पुन्हा कधी गेल्या नाहीत. मला त्याचा राग होता. अजून आहे. एकीनं तरी तो रस्ता बघायला हवा होता.

पंजा पुढे वर्षभरात निम्माशिम्मा उचलायला लागला. बाजारापुरता झाला, पंचक्रोशीपुरता झाला नाही. आम्ही दोघी वैशाखात दारात बसून जाणाऱ्या बायका बघायचो. कोणाची पोटली सैल आहे, कोण पहिल्याच मुक्कामाला बसणार, ते जाऊबाई बरोबर सांगायच्या.

त्या छातीच्या दुखण्यानं गेल्या. त्यांच्यामागून माझे यजमान गेले. मी पडले त्या वर्षी आमच्या गल्लीतून पंचक्रोशीला निघालेल्या बायकांपैकी आज मी एकटी जिवंत आहे. घोडा मी अजून वाहिलेला नाही.