चंद्रभानकाका विचारतात, उघडत नाहीत

समजा, तुम्हाला बहिणीचा लॅपटॉप पवनीहून पुण्याला पाठवायचा आहे. आधी त्यातल्या फाइलींची प्रत वेगळी काढायची. मग तो नुसता मिटायचा नाही, पूर्ण बंद करायचा. चार्जर वेगळा गुंडाळायचा. बॅगेच्या कप्प्यांत दुसरं काहीही ठेवायचं नाही. बॅग खोक्यात ठेवली की चारी बाजूंनी चार-चार बोटं जागा मऊ भराव घालून भरायची. शेवटी खोकं कानाशी धरून हलवायचं. आत काही हललं नाही, म्हणजे जमलं.

हे सगळं मला येतं. मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे आणि भंडाऱ्याच्या एका क्लासमध्ये शिकवते. तरीही दिवाळीनंतर मी पाठवलेला मोनिकाचा लॅपटॉप पुण्यात फुटका पोचला. तो का फुटला ते मला माहीत आहे. ज्यांच्यावर ठपका आला, त्या चंद्रभानकाकांना अजून माहीत नाही.

बसस्टँडजवळ भुपेंद्रचं पार्सलचं दुकान आहे. तिथे काका सामान बांधतात. पन्नाशीपर्यंत त्यांनी घरच्या मागावर कोशाच्या रेशमी साड्या विणल्या. पुढे माग थांबला, पण बोटांची सवय राहिली. त्यांची सुतळीची गाठ प्रवासात ढिली पडत नाही, आणि सोडणाऱ्याने एक टोक ओढलं की सुटते. खोक्यात धानाची तणस, म्हणजे भाताचा पेंढा, अंथरून त्यांनी पितळी समया पाठवल्या, लोणच्याच्या काचेच्या बरण्या पाठवल्या. एकदा कोणाच्या तरी लग्नाचा आरसा नागपूरला पाठवला, तोही धड पोचला.

त्यांचा एक नियम आहे. गिऱ्हाइकाची बंद पिशवी ते उघडत नाहीत. आमच्याकडे आया सासरच्या मुलींना सामान पाठवतात. त्यात साडीच्या घडीत एखादी चिठ्ठी असते, देवीचा अंगारा असतो, कधी वैद्याची पुडी असते. दुकानात चार लोकांसमोर ते निघायला नको. म्हणून काका फक्त विचारतात, आणि जे उत्तर मिळेल त्याप्रमाणे बांधतात. त्यांचं सगळं काम त्या विचारण्यावर चालतं.

मोनिका दिवाळीला आली तेव्हा तिच्या लॅपटॉपचा कीबोर्ड बिघडला होता. नवा मागवून बसवेपर्यंत ती परत गेली, म्हणून लॅपटॉप पार्सलने पाठवायचं ठरलं. मी बॅग भरून ठेवली. कपडे बदलून आले तर आई पुढच्या कप्प्यात रव्याच्या लाडवांचा स्टीलचा डबा कोंबत होती. मुलीकडे जाणारी पिशवी आमच्या घरातून कधी नुसती जात नाही. मी म्हटलं, त्याच्यामागेच स्क्रीन आहे, दाब येईल. आई म्हणाली, "एवढासा तं डबा हाये व माय. पोरगी तिकडं एकटी राह्यते." तो काढून वेगळा बांधायला पाच मिनिटं लागली असती. मला क्लासला उशीर होत होता. मी चेन लावली.

दुकानात काकांनी खोकं घेतलं आणि तणस पुढे ओढली. मागे दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की तणस नको, तिचा भुसा मशीनमध्ये जातो. मी फोम आणलाय. लॅपटॉप म्हणजे समई नाही. काकांनी तणस बाजूला सारली. बॅग मांडीवर घेतली. ती जाड होती, आतलं वरून हाताला लागत नव्हतं.

"पोरी, अंदर काही कडक हाये का? डबा, गिलास, असं काही?"

इतकं शिकवून झाल्यावर आत लाडवांचा डबा आहे असं मी कशी सांगणार होते?

"काही नाही काका. फक्त लॅपटॉप."

काकांनी मान हलवली आणि सुतळी दोन्ही बाजूंनी कचकचून आवळली.

चौथ्या दिवशी मोनिकाचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, लाडू छान होते, पण स्क्रीन गेली. पडद्यावर एक अर्धगोल रेघ होती आणि तिच्यापासून सगळीकडे तडे गेले होते. ती रेघ कशाच्या काठाची आहे हे मला फोटो मोठा न करताच कळलं.

आईला कळलं नाही. तिने फोन घेऊन थेट दुकान गाठलं. संध्याकाळी भुपेंद्रने मलाही बोलावलं. पार्सल कंपनीने कळवलं होतं की खोकं धड आहे, तेव्हा चूक बांधणीची असेल. त्याला तक्रारीचा कागद भरायचा होता.

"दामिनी, आत काय हाये म्हणून काकानं इचारलं होतं का?"

काका तिथेच होते. हातात दाभण, पुढ्यात अर्धं शिवलेलं पोतं. माझी आई माझ्या शेजारी उभी होती.

"आठवत नाही," मी म्हणाले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादी वस्तू ठेवल्या जागी सापडत नाही तेव्हा माणूस पाहतो तसं. मग म्हणाले, "मी तं सगळ्यायलेच इचारतो."

"होते असं कधी कधी काका," भुपेंद्र म्हणाला. "वय झालं तुमचं."

तो हे चांगल्या मनाने म्हणाला. आई लगेच मऊ झाली. तिने काकांना चहा मागवला, आणि तो विषय सगळ्यांच्या दृष्टीने तिथे संपला.

त्या दिवसापासून काका प्रत्येक गिऱ्हाइकाला तीन-तीनदा विचारतात. बांधून झाल्यावरही विचारतात. वरठीहून येणारा एक कामगार एकदा म्हणाला, "काका, इतकं तं पोरगी देताना सासऱ्यानंही नव्हतं इचारलं मले." सगळे हसले, काकाही हसले. काचेचं सामान मात्र आता भुपेंद्र स्वतः बांधतो. काकांनीच ते सोडलं. त्यांची बायको सत्यभामाबाई आईला सांगत होत्या की हे गल्लीच्या टोकापर्यंत जातात आणि कुलूप लावलं का ते पाहायला परत येतात. सकाळची गोळी घेतली का, हेही बायकोलाच विचारतात. आई हळहळली. मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते. लावलेलीच पुन्हा लावली.

मी दुकानात गेले नाही असं नाही. एकदा गेले आणि गरज नसताना सुतळीचं बंडल घेऊन आले. मागच्या सोमवारी पुन्हा गेले. या वेळी एक कागद छापून नेला होता. लॅपटॉप कसा बांधावा याच्या सूचना, ठळक अक्षरात, काकांना वाचता याव्यात म्हणून. खरं सांगायला गेले होते, पण पुढे केला तो कागद. काकांनी चष्मा लावला. "बरं केलं पोरी," म्हणाले. पहिलीच ओळ होती: आत काय आहे ते आधी विचारा. ती मीच टाइप केली होती. टाइप करताना माझा हात थांबला नव्हता.

काकांचं बोट त्या ओळीवर बराच वेळ राहिलं. भुपेंद्र बाहेर गाडीत पोती चढवत होता. काकांनी चष्मा काढला आणि तो ऐकणार नाही इतक्या हळू बोलले.

"दामिनी, राग नाही माहा तुह्यावर. लॅपटॉपचं झालं ते झालं. मले फक्त माह्या डोक्याचं समजून घ्याचं हाये. त्या दिवशी मी तुले इचारलं होतं का नाही?"