विमलाच्या ओंजळीतलं पाणी

रत्नमालाबाई शिंदे बायबल उघडून बसल्या की त्यांचे यजमान सुखदेवराव चपला शोधायला लागायचे. अहो, बायबल काय, पुष्कळ लोक वाचतात. वाचतात, डोळे मिटतात, आमेन म्हणतात आणि चहाला उठतात. ह्या बाईंचा कायदा निराळा. सकाळी उतारा वाचायचा आणि दिवस मावळायच्या आत त्यातलं एक तरी करून मोकळं व्हायचं. नुसतं वाचून पुस्तक मिटणाऱ्याला त्या म्हणायच्या, "वाढलेल्या ताटाला नमस्कार करून उपाशी उठणारा." हात पाप करायला लावत असेल तर तोडून टाक, हे वचन जवळ आलं तेव्हा सुखदेवरावांनी विळी उचलून माळ्यावर ठेवली होती. थट्टा नाही, खरंच ठेवली होती.

दोघं नगरकडची. सुखदेवराव रेल्वेत फिटर, बदली होऊन जयपूरला आलेले. स्टेशनामागच्या कॉलनीत क्वार्टर मिळालं, आणि समोरच्या दारात मराठी शेजार मिळाला. इंदुमतीबाई देशपांडे. त्यांचे यजमान रेल्वेच्याच अकाउंट्स ऑफिसात. परमुलखात मराठी बोलायला मिळणं म्हणजे काय सुख असतं, ते गेलेल्यालाच ठाऊक. वाटीतून भाजी जायची, वाटीतून कोशिंबीर यायची. इंदुमतीबाई मनाने वाईट नव्हत्या, पण एकदा पापड लाटता लाटता म्हणाल्या, "तुम्ही ख्रिस्ती असलात तरी मूळचे चांगल्या घरातलेच हो. राहणीवरून कळतं." रत्नमालाबाई तेव्हा नुसत्या हसल्या.

"तिचा समज तिच्यापाशी," सुखदेवराव घरी म्हणाले. "आपण कुठं खोटं बोललो?" त्यांचा आजा गावच्या आडापासून लांब घागर घेऊन उभा राहायचा. कुणाला दया आली तर तो वरून घागरीत पाणी ओतायचा, नाही आली तर आजा उन्हात तसाच उभा. जयपुरात हे कुणाला माहीत नव्हतं. शिंदे हे आडनाव सगळ्या जातींत असतं. आज्याची ती गोष्ट कुणाला कळू नये, एवढीच त्या माणसाची इच्छा होती.

सत्त्याऐंशीचा उन्हाळा आला. पाऊस आधीच रुसलेला, त्यात मे महिना. कॉलनीतल्या नाल्या आणि रस्ता झाडायला विमला यायची. झाडून झालं की पायरीखाली उभी राहून हाक मारायची, ओंजळ पुढे करायची, आणि रत्नमालाबाई तांब्यातून वरून पाणी धरायच्या. कॉलनीत सगळ्याच तसं करत. आपण पाणी देतो, हाकलत नाही, याचा बाईंना थोडा अभिमानच होता.

त्या सकाळी उतारा निघाला योहानाचा चौथा अध्याय. शमरोनी बाईची गोष्ट. ही गोष्ट बाईंनी लहानपणापासून ऐकलेली, आणि दरवेळी पाळकसाहेबांचं बोट त्या बाईच्या पाच नवऱ्यांवर जाऊन थांबायचं. ह्या वेळी रत्नमालाबाई सुरुवातीलाच अडकल्या. प्रभू दमलेला, विहिरीपाशी बसलेला, पोहरा नाही. आणि जिच्या हातचं पाणी त्याच्या लोकांना चालत नाही, तिलाच तो म्हणतो, मला प्यायला दे.

"अहो, ऐकलंत का?" त्या म्हणाल्या. "त्यानं पाणी दिलं नाही. मागितलं!"

"मग?" सुखदेवराव डबा भरत होते.

"मग काय! देणारा उंचावरच उभा राहतो. मी रोज उभी राहते की तांब्या घेऊन."

सुखदेवरावांनी डब्याचं झाकण लावलं. "रत्ना, हात जोडतो. आज नुसतं वाच."

तिसऱ्या प्रहरी इंदुमतीबाई आणि त्या चांदपोलकडे भाजीला निघाल्या. वाटेत एक प्याऊ होती, म्हणजे आपली पाणपोई. कुणा शेठने बांधलेली, आत ओळीनं माठ, खिडकीत भंवरी नावाची म्हातारी पितळी झारी घेऊन बसलेली. खिडकीशी जाऊन ओंजळ धरायची, भंवरी पाणी सोडायची. आणि खिडकीच्या बाजूला एक पत्र्याची पन्हळ होती, लांब, उतरती. काही लोकांनी त्या पन्हळीच्या टोकाशी उभं राहायचं. आत ओतलेलं पाणी घरंगळत त्यांच्यापर्यंत यायचं. माठ तोच, पाणी तेच. फक्त मधे हातभर पत्रा. रत्नमालाबाई तिथं कैकदा पाणी प्यायल्या होत्या, खिडकीशी.

आज पन्हळीखाली विमला उभी होती. उन्हानं चेहरा काळवंडलेला, ओंजळ भरत आलेली.

"इकडे या, शिंदे वहिनी," इंदुमतीबाई खिडकीशी सरकल्या. "ती त्यांची बाजू."

झालं! बाईंच्या कानशिलात काहीतरी तडकलं. सुखदेवरावांचे जोडलेले हात डोळ्यांपुढे आले. इंदुमतीबाईंची वाटी आली, मराठी बोलत सरलेल्या दुपारी आल्या. भीती वाटली, आणि चांगलीच वाटली. न भ्यायला त्या काही दगड नव्हत्या. पण पाय वळला तो पन्हळीकडेच.

"विमला," त्या म्हणाल्या, "मुझे पानी दे."

विमला दोन पावलं मागे सरली. ओंजळीतलं निम्मं पाणी सांडलं. "मेरे हाथ से? बाईजी, मुझे पाप लगेगा."

"पाप लगे तो मुझे लगे. प्यास लगी है री, दे."

आणि त्यांनी विमलाच्या ओंजळीला तोंड लावलं. भर रस्त्यात, भर उन्हात. उरलेलं पाणी संपलं तशी त्यांनी विमलाची मनगटं धरून ओंजळ पुन्हा पन्हळीखाली नेली आणि खिडकीकडे बघून म्हणाल्या, "और डालो, भंवरीबाई." भंवरीची झारी हातातच राहिली होती. मग तिनं पन्हळीत ओतलं.

"शिंदे वहिनी! अहो, लोक बघताहेत."

"बघू देत की. आमच्या ह्यांचा आजा आडापासून असाच लांब उभा असायचा, इंदुमतीबाई. ही आमचीही बाजू. तुम्ही चांगलं घर म्हणालात तेव्हाच सांगायला हवं होतं, माझी जीभ रेटली नाही. आता सांगितलं."

इंदुमतीबाईंनी पिशवी सावरली आणि त्या एकट्याच भाजीला गेल्या.

संध्याकाळी सुखदेवराव आले ते बातमी ऐकूनच. जेवले नाहीत. "एवढी वर्षं झाकली मूठ होती," एवढंच म्हणाले. रत्नमालाबाईंना रडू आलं, तरी त्यांनी माफी मागितली नाही. मागायची कशाची?

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चमधून आल्यावर समोरच्या घरी पापड लाटायचे ठरले होते. बोलावणं आलं नाही. समोरून लाटण्यांचा आवाज येत राहिला, आणि पुसून ठेवलेलं पोळपाट रत्नमालाबाईंनी परत फळीवर ठेवलं. सुखदेवराव ते बघत होते.

मग विमला आली. रोजच्यासारखी पायरीखाली थांबली नाही. पायरी चढून दारात आली. ओंजळ केली नाही. उजवा हात पुढे केला, एकच.

"बाईजी, पानी. गिलास में."

रत्नमालाबाई उठणार तोच सुखदेवराव उठले. मांडणीवरून स्टीलचा ग्लास काढला, त्यांच्या लग्नातला, त्यांचं नाव कोरलेला. त्या ग्लासात घरातलंही दुसरं कुणी पाणी पीत नसे. माठातून तो काठोकाठ भरला. समोरच्या खिडकीचा पडदा हलला. लाटणी थांबली. सुखदेवरावांनी ते पाहिलं, आणि दार पुरतं उघडून ग्लास विमलाच्या हातात दिला.

"पी बाई," ते म्हणाले. विमलाला मराठी येत नव्हती, तरी मराठीतच म्हणाले, समोरच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "माझ्या आज्याला असा ग्लास कुणी दिला नव्हता."