रुक्मिणीच्या हातची सुकेळी

आई, देवळाची मंडळी काल येऊन गेली. जीर्णोद्धाराची स्मरणिका काढतायत, त्यात तुझ्यावर चार शब्द हवेत म्हणे. 'त्यागमूर्ती मातोश्री' हे शीर्षकसुद्धा त्यांनीच ठरवून आणलं होतं. ज्यांच्या बापजाद्यांनी तुला मागच्या दाराने राबवलं, ते आता तुझा फोटो मागतात! मला शिसारी आली. तरी चहा दिला, लिहून देते म्हटलं. पण 'माझी आई, माझी आई' करत बसले की माझा आवाज चढतो आणि गोष्ट राहून जाते. म्हणून परक्या मायलेकींची असावी तशी सांगते. चुकलं तर तू काही बोलणार नाहीसच. कधी बोललीस?

रुक्मिणीचा नवरा गेला तेव्हा मालन चालायलाही लागली नव्हती. वटारच्या वाडीत थोरले दीर आणि जाऊ सावित्री यांच्या घरात मायलेकी राहिल्या. राहिल्या म्हणजे राबल्या. सकाळी रहाटाला बैल जुंपायच्या आधी रुक्मिणी आळीतल्या रामाच्या देवळामागे सडा घालून येई, समया घासून ठेवी, मोगऱ्याचे हार ओवून परडी मागच्या दारात ठेवी. परडी आत न्यायला सवाष्ण लागे. कुणी बाळंत झालं, कुणाला ताप भरला, की तिथेही हीच. लोक म्हणत, "रुक्मिणीकाकू म्हणजे देवमाणूस." देवमाणूस म्हटलं की जेवलीस का म्हणून विचारावं लागत नाही.

तिचं खरं कसब सुकेळ्यांचं. पिकलेली राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात घालायची, माशा बसू नयेत म्हणून वर जुनं धोतर पसरायचं, रोज उलटायची, संध्याकाळी टोपलीत झाकायची, सकाळी पुन्हा उन्हात. मधासारखा रंग चढला की केळीच्या सुक्या सोपटात आवळून बांधायची. रामनवमीचा नैवेद्य या सुकेळ्यांचा. पण सणाच्या दिवशी विधवेने पुढच्या दाराने यायचं नाही आणि नैवेद्याला तिचं नाव लावायचं नाही, अशी त्या देवळाची रीत. त्यावर तोडही त्यांनीच काढलेली. सावित्रीकाकी न्हाऊन, नथ घालून यायची, टोपलीला हात लावायची आणि कडेवर घेऊन चालू लागायची. हात लागला की सुकेळी तिची. पुजारी हरिभाऊ मंडपात ओरडायचे, "वा! सावित्रीवहिनींच्या हातची सुकेळी!" रुक्मिणी मागच्या दारात उभी राहून हसायची. त्या हसण्याची मालनला लहानपणापासून चीड.

"अगं, पण केली तू ना?"

"देवाला ठाऊक आहे की."

शेजारच्या वाडीतल्या इनेझला नाताळात दोन सुकेळी मिळत. ती मात्र कुंपणावरून सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडे, "रुक्मिणी, तुझ्या हातात साखर हाय गं!" गावात एवढं एकच माणूस सरळ बोलणारं.

बावन्न साली रामनवमीच्या तोंडावर रुक्मिणी हिवतापाने आडवी झाली. मालन मुंबईच्या कॉलेजातून घरी आलेली. आभाळ भरून आलं तशी सावित्रीकाकी घाबरली आणि सुकेळी घाईघाईने बांधायला बसली. मालनने एक दाबून पाहिलं.

"काकी, आतून ओली आहेत. अजून ऊन हवं."

"कॉलेजात सुकेळी शिकवतात वाटतं? बांध मुकाट्याने."

मालनने बांधली नाहीत. काकीने बांधली.

रामनवमीला जन्म झाला, पाळणा हलला, आणि हरिभाऊंनी भर मंडपात पहिलं सोपट सोडलं. नासलेल्या ताडीसारखा भपकारा आला. आत बुरशीने माखलेला काळा चिखल आणि त्यात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. हरिभाऊंनी हात झटकला तर एक अळी पाळण्याच्या झालरीवर जाऊन पडली. बायका तोंडाला पदर लावून मागे सरकल्या.

"कुणाचा हात लागला याला?" हरिभाऊ गरजले.

सावित्रीकाकी आधी नथ सावरत राहिली. मग म्हणाली, "रुक्मिणीनेच घातली होती वाळत."

"तरीच! विधवेचा हात. आणखी काय होणार?"

इतकी वर्षं जी गोड सुकेळी काकीची होती, ती नासल्याबरोबर रुक्मिणीची झाली. सगळ्या माना मागच्या दाराकडे वळल्या. ताप उतरून दोन दिवसही झाले नव्हते, रुक्मिणी चौकट धरून उभी होती. मालन तिच्या कानाशी लागली. "आई, सांग. तू तर अंथरुणात होतीस. एकदा तरी सांग."

रुक्मिणीने हात जोडले. "चुकलं माझं. देवा, क्षमा कर."

आणि पदर खोचून ती घाण उचलायला गेली. त्यासाठी मात्र तिला मंडपात येऊ दिलं. आजपुरतं चालतं, असं हरिभाऊच म्हणाले. ती हाताने अळ्या वेचत होती आणि सवाष्णी तिला कुठे राहिलंय ते बोट दाखवून सांगत होत्या. मालन मागे केळीत जाऊन ओकली. अळ्यांनी नव्हे.

घरी आल्यावर ती फुटली. "खोटं का बोललीस?"

"सणाच्या दिवशी जाऊबाईंची शोभा करू चारचौघांत?"

"आणि तुझी झाली ती?"

"माझं काय, मला सवय आहे."

"मला किळस येतो या सवयीचा. तुझाही येतो."

रुक्मिणीने पाट मांडला. "हात धू, जेवून घे."

पण मालन उठली नाही. "पुढच्या रामनवमीला तुझी सुकेळी तू घ्यायची आणि पुढच्या दाराने जायचं. मी बरोबर येते. बघू कोण अडवतो."

"हरिभाऊ काय म्हणतील?"

"बोंबलतील!"

रुक्मिणीला हसू फुटलं. हे मागच्या दारातलं हसू नव्हतं. "बघू गं, मालू," ती म्हणाली.

तेव्हापासून दरवर्षी ती सुकेळ्यांची एक पुडी वेगळी बांधून माळ्यावर ठेवू लागली. हे आपलं, म्हणायची. मालन मुंबईत शाळेत शिकवू लागली, तरी रामनवमीला सुट्टी काढून यायची आणि अंगणात उभी राहून म्हणायची, "चल." पण एका वर्षी काकीचा पाय मोडला होता, तिला उठवायचं होतं. एका वर्षी काकीची सून बाळंतपणात अडली होती. "हे एवढं उरकते गं," म्हणेपर्यंत देवळातली आरती संपलेली असायची. शेवटी शेवटी काकी अंथरुणाला खिळली, तिचं सगळं करता करता रुक्मिणीच अठ्ठावन्नच्या फाल्गुन अखेरीला तापाने गेली. काकी खाटेवरून ओरडून रडली, "माझा उजवा हात गेला गं!" आयुष्यात एवढं एकच वाक्य ती खरं बोलली.

रामनवमी सुतकात आली. भेटायला आलेल्या इनेझसमोर मालनने माळ्यावरची पुडी काढून सोडली. सुकेळी मधाच्या रंगाची, खणखणीत वाळलेली. दोघींनी एकेक खाल्लं.

"रुक्मिणीची," इनेझ म्हणाली.

घरापासून देवळाच्या पुढच्या दारापर्यंत वाट ती केवढीशी! मध्ये एक विहीर आणि केळीची रांग. मालन त्या वाटेने एकटी कधी गेली नाही आणि आता जीर्णोद्धारालाही जाणार नाही. दोघींनी मिळून जायचं ठरलं होतं.